कागलला जाणारी लाईन

रंगराव काका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की खुर्चीवर बसत नाहीत. दारात चपला काढतात, घरच्यांना नमस्कार करतात, आणि मग गुडघे टेकून दिवाणाखाली बघतात.

आमच्याकडं ते असेच आले. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या या घरात राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. दिवाणाखाली अजून न उघडलेली खोकी कोंबलेली होती. काका समोरच्या घरातले, वयानं सत्तरीच्या पुढचे, म्हणून माझी बायको सुनंदा चहा घेऊन लगबगीनं बाहेर आली, तर पाहुण्यांचं फक्त धोतर दिसत होतं. बाकीचे काका दिवाणाखाली होते.

तिला वाटलं, घराच्या जुन्या मालकानं कुणाला तरी तपासणीला पाठवलंय. तिनं घाबरत विचारलं, "वाळवी आहे का हो?"

"न्हाई," आतून आवाज आला. "जागा चांगली हाय. खोकी तेवढी हलवा. भिंतीकडनं बोगदा निघतोय."

मग ते बाहेर आले, केसांतलं जाळं झटकलं, चहा बशीत ओतला आणि आम्हाला सांगितलं, की स्वयंपाकघरातून निघणारी गाडी उंबऱ्याजवळ वळण घेऊन दिवाणाखालून टीव्हीच्या टेबलाकडं कशी आणता येईल. उंबऱ्याचा तेवढा चढ अवघड होता. "चढाला एक उपाय हाय," ते म्हणाले, "पर तुमच्या मिसेसना इचारून." उपाय म्हणजे उंबरा काढणं.

ते गेल्यावर सुनंदा म्हणाली, "रेल्वेत होते वाटतं." मीही तसंच समजलो होतो. गल्लीत त्यांना सगळे 'गार्डसाहेब' म्हणत. पण काका रेल्वेत कधीच नव्हते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं. रेल्वेशी संबंध एवढाच, की घर स्टेशनाजवळ आहे आणि गाडीची शिट्टी ऐकू येते.

आणि कपाटात एक आगगाडी आहे.

ही गाडी चावीची. काळं इंजिन, तीन तांबडे डबे, शेवटचा गार्डाचा. काकांच्या वडिलांचा गुळाचा व्यापार होता. ते एकदा मुंबईला गेले आणि येताना दोन पोरांसाठी एक खेळणं घेऊन आले. एवढ्या वर्षांत इंजिनाचा रंग कडेनं उडालाय, पण आतली स्प्रिंग ठणठणीत आहे. ती गाडी बाहेर निघते ती खंडेनवमीला. लोक त्या दिवशी आपापल्या हत्यारांची पूजा करतात. गल्लीतला सुतार करवत मांडतो, रिक्षावाला रिक्षा धुतो, मी माझा कॅल्क्युलेटर ठेवतो. काका पाटावर गाडी मांडतात. पूजा झाली की इंजिन उचलून उलटं धरतात, चावी देतात आणि डोळे मिटून बसतात. चाकं हवेत गरगर फिरतात. आवाज मंद होत होत थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग काका डोळे उघडतात आणि म्हणतात, "दम हाय अजून."

ही गाडी जमिनीवर चाललेली मात्र गल्लीत कुणीच बघितलेली नव्हती. कारण काकांकडं रूळ नव्हते. होता तो एक तुकडा. वितीएवढा, वाकडा, पत्र्याचा. तोही खंडेनवमीला गाडीशेजारी असायचा, हळदीकुंकू लावून. गाडी पुसून परत डब्यात जायची. तुकडा मात्र वर्षभर देव्हाऱ्यात असायचा, टाकांच्या मागं.

रूळ नसलेला माणूस काय करणार? तो लाईन आखतो.

काकांच्या आखणीला कागद लागत नाही. खराटा लागतो. खराट्याचे हीर मोडून ते सारख्या लांबीचे तुकडे करतात. सरळ हीर म्हणजे सरळ रूळ. वाकड्या रुळासाठी हीर रात्रभर पाण्यात भिजवून वाटीभोवती बांधून ठेवायचे. मग त्यांचं सामान एका पिशवीत, आणि पिशवी खांद्याला. जिथं बसतील तिथं लाईन पडते. पारावर, केशकर्तनालयाच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात दोन पंगतींच्या मध्ये. एकदा मी त्यांना बँकेत पेन्शनच्या रांगेत बसलेलं बघितलं. रांग पुढं सरकली होती, आणि मागची माणसं काकांच्या मिरज जंक्शनाला वळसा घालून जात होती.

"माझा खराटा दिवसेंदिस बारीक व्हायला लागलाय," काकी म्हणायच्या. काकी म्हणजे त्यांच्या पत्नी, आक्काताई. अंगानं सडसडीत, आवाजानं भरदार. "लोकांची माणसं दारू पित्यात, पत्ते खेळत्यात. आमचं खराटा खातंय."

"तू दुसरा घे की."

"घेते की. आणि त्येचं काय करतासा, ते बी म्हायती हाय मला."

"विस्तार करतोय," काका शांतपणे म्हणायचे.

पण विस्तार कधी व्हायचा नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला. मी विमा कंपनीत आहे. माझं काम नुकसान मोजायचं. ट्रॅक्टर उलटला, गोठा जळाला, की आम्ही जाऊन काय गेलं आणि काय राहिलं ते लिहितो. त्यामुळं वस्तू मोजायची मला वाईट सवय आहे. काकांनी पारावर लाईन मांडली काय आणि आमच्या फरशीवर मांडली काय, हीर तेवढेच असायचे. आखणी रोज नवी. कधी इंग्रजी आठसारखी, कधी शेंगेसारखी, कधी नुसतं कडबोळं. पण एक तुकडा जास्त नाही, एक कमी नाही.

"काका, अजून दोन हीर घातले तर हे वळण मोठं होईल," मी एकदा म्हणालो.

"हुईल की."

"मग घाला."

"कुठनं आणू?"

खराटा समोरच्या कोपऱ्यात उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं, काकांनीही बघितलं. "त्यो झाडायला हाय," ते म्हणाले.

प्रत्येक आखणीत दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे कागल स्टेशन. काकांच्या चष्म्याचं घर म्हणजे कोल्हापूर, आणि चुन्याची डबी म्हणजे कागल. मिरज, जयसिंगपूर, रुकडी यांना कधी जागा मिळायची, कधी नाही. कागलला मिळायचीच. मी गावाला नवा होतो तरी एवढं मला ठाऊक होतं, की कागलला रेल्वे नाही. कागल हायवेवर आहे. मी ते बोललो.

"म्हणून तर काढतोय," काका म्हणाले. "बघा, आपल्या हितं काय होतंय? मिरजेकडनं गाडी येती आणि कोल्हापुरात रूळच संपत्यात. फुडं बफर. मग ती मागं तोंड करून जाती. पावण्यानं उंबऱ्यावरनंच परत फिरावं, तसं वाटतंय मला. घरात येऊन पाणी तरी प्यावं का नको?"

दुसरी गोष्ट म्हणजे बोगदा. काड्यापेटीचं बाहेरचं कव्हर लाईनवर कुठंतरी ठेवलेलं असायचं. एकदा माझा पाय लागून ते सरकलं, तर खाली हीरच नव्हता. नेमकी एका वाकड्या तुकड्याची जागा रिकामी होती.

"काका, इथं रूळ नाही."

"ठेवा की ते खाली."

"पण गाडी पडेल."

"बोगद्यात कोण बघतंय?" ते म्हणाले, आणि कव्हर स्वतःच नीट बसवलं. त्या दिवशी त्यांनी लाईन लवकर उचलली.

मला वाटलं, माझ्या चोंबडेपणाचा त्यांना राग आला. मला कुणाला दुखावल्यासारखं वाटलं की रात्री झोप लागत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. इकडचं तिकडचं बोलताना घराचा विषय निघाला. मी सांगितलं, की हे घर घेता आलं ते वडिलांच्या घराच्या वाटणीतून. मोठा भाऊ इचलकरंजीला असतो. आमची वाटणी एका दिवसात झाली. आवाज चढला नाही, पंच लागले नाहीत. भांडी, दागिने, आईच्या साड्या, सगळं सारखं. मी जरा अभिमानानंच सांगत होतो.

काका ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "काय राह्यलं न्हाई?"

"काहीच नाही. अगदी मिटवून टाकलं."

"च्च," काका म्हणाले. "तुमचं त्येच्याकडं, त्येचं तुमच्याकडं, असं काय?"

"नाही हो. एक चमचा नाही."

त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं मी जळालेल्या गोठ्याकडं बघतो. मला ते जरा लागलं. एवढी सुबक वाटणी केलेल्या माणसाची कीव करायची काय गरज होती?

त्यानंतर मी जो उद्योग केला, तो चांगल्या मनानं केला. माझे बहुतेक घोटाळे चांगल्या मनानंच झालेत.

काकांची पंचाहत्तरी आली. गल्लीनं काहीतरी द्यायचं ठरवलं. कुणी शाल म्हणालं, कुणी विठोबाची मूर्ती. मी म्हणालो, रूळ देऊया. सगळ्यांना ते एकदम पटलं. आधीच का सुचलं नाही, असं सगळे एकमेकांना विचारायला लागले. मी काकींना विश्वासात घेतलं. काका अंघोळीला गेले असताना काकींनी कपाटातून इंजिन काढून दिलं आणि मी दोऱ्यानं चाकांमधलं अंतर मोजलं. काकी म्हणाल्या, "बघा बाबा. मला काय ते लक्षण दिसंना." मला वाटलं, त्या मापाबद्दल बोलतायत. मी त्यांना सांगितलं, माप चोख आहे.

रूळ मागवले. खोकं चांगलं मोठं आलं. सरळ, वाकडे, सांधे, सगळं भरपूर. पंचाहत्तरीच्या दिवशी काकींनी ओवाळलं, गल्लीनं टाळ्या वाजवल्या, मी खोकं काकांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी उघडलं. एक तुकडा काढून उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "बसंल बी."

"मग लावूया की, गार्डसाहेब," रिक्षावाला म्हणाला. "हिरवा झेंडा मी दावतो."

"आज नको. आज अमुशा हाय."

दुसऱ्या दिवशी लोक परत जमले. त्या दिवशी चावी सापडेना. तिसऱ्या दिवशी काकांचे गुडघे दुखत होते. चौथ्या दिवशी रिक्षावाल्यानं झेंडा घरी नेला. खोकं कपाटावर गेलं. काकांनी कट्ट्यावर बसणं बंद केलं आणि खराटा, पहिल्यांदाच, होता तेवढा राहिला.

मला ते बघवेना. भांडी परत द्यायच्या निमित्तानं मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो आणि काकींना विचारलं, माझं काय चुकलं.

काकी भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत. "तुमचं काय न्हाई. ह्येंचं रूळ हायतीच की."

"कुठं?"

"कागलात. तात्यांच्याकडं."

तात्या म्हणजे काकांचे थोरले भाऊ. या माणसाचं नाव मी तोपर्यंत ऐकलंसुद्धा नव्हतं. वडील गेल्यावर वाटणी झाली. कागलची शेती आणि तिथलं घर तात्यांना, शाहूपुरीचं घर काकांना. शेत, विहीर, सोनं, सगळं दुपारपर्यंत झालं. आणि मग गाडीपाशी अडलं. दोघंही मिशा आलेले, लग्न झालेले. दोघांनाही ती गाडीच पाहिजे होती. मामा पंच होते. त्यांनी पहिल्यांदा समजावलं, मग दरडावलं, आणि जेवणं खोळंबली तेव्हा वैतागून निकाल दिला. दोघांनाही सारखं. गाडी धाकट्याला, रूळ थोरल्याला.

"हसू नका," काकी म्हणाल्या. मी हसत नव्हतो. "पंचांची अक्कल ती. त्येवरनं तात्या एक बोललं, ह्येनी दोन बोललं. तवापासनं उंबरा बंद. तीस वर्सं व्हायला आली. भावकीत लगीन निघालं तर एक सकाळी जातंय, दुसरं सांजचं. तिकडं रूळ पडल्यात, हिकडं गाडी."

"आणि काका रोज लाईन आखतात ती..."

"तात्यांच्याकडं जेवढं रूळ हायती, तेवढ्यावरच. एक वाढीव धरायचं न्हाईत." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "तुम्ही ढीगभर आणून दिलं. आता कागलची गरजच न्हाई, असं झालं की."

"मग देव्हाऱ्यातला तो तुकडा?"

"त्यो कुठनं आला, देवाला म्हायती. मी इचारलं की म्हणत्यात, बोगद्यातला हाय."

काकींनी मला बजावलं, की यात पडू नका. मी मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात कागलकडं एका क्लेमचं काम निघालं आणि काम झाल्यावर मी तात्यांचं घर विचारत निघालो. इथं आल्यापासून मी कितीदा त्या रस्त्यानं गेलो होतो.

तात्या घराच्या बाहेरच्या सोप्यात पानाला चुना लावत बसले होते. काकांचाच चेहरा, फक्त जरा मोठ्या अक्षरात लिहिलेला.

"कोण पावणं? कुठनं आलासा?"

"शाहूपुरीतनं."

त्यांचा हात थांबला. "कोण मेलं काय?"

"नाही नाही."

"मग बसा." आत बघून ते ओरडले, "च्या टाका गं." पान तोंडात घातलं, बराच वेळ चावलं. "गुडघं कसं हायती त्येचं?"

"दुखतात. पण दिवाणाखाली वाकतात अजून."

"वाकू दे," तात्या म्हणाले. "लहानपणी बी तसाच. जेवायला हाक मारली की दिवाणाखालनं यायचा."

मी पंचाहत्तरीची सगळी हकीकत सांगितली. माझी चूक, खोकं, बंद पडलेला कट्टा. मला वाटलं ते रागावतील. ते उठले आणि म्हणाले, "वर चला."

माडीवर ज्वारीची पोती होती, आणि पोत्यांच्या मध्ये मोकळी ठेवलेली जागा. तिथं रूळ मांडलेले होते. पत्र्याचे, जुने, पण असे स्वच्छ की खिडकीचा उजेड त्यांच्यावरून धावत होता. मी सवयीनं मोजले. काकांच्या पिशवीतल्या हिरांएवढेच भरले. साधा लांबट गोल होता, आणि एका जागी तुटलेला. एका वाकड्या तुकड्याएवढी फट.

"त्येच्याकडं हाय," तात्या म्हणाले. "वाटणीदिवशी पंच जेवाय बसल्यालं. ह्यो हळूच वर आला, तुकडा लेंग्याच्या खिशात घातला आणि गेला. मी जिन्यात हुतो. बघितलं सगळं."

"मग मागितला का नाही?"

"मागितला असता तर दिला असता की. त्यो काय चोर हाय व्हय?" तात्या पोत्यावर टेकले. "मी पयल्या दिवशीच वळाखलं, कशाला नेलाय ते. तुकड्याबिगर गोल पुरा हुईत न्हाई. मग मी रूळवाला जाईन मागायला, असं त्येचं गणित. वाट बघत बसला असंल. मी बी जायला निघालतो. दोनदा यष्टी स्टँडवर जाऊन आलोय. पर इचार केला, की आपून जायचं, त्यो देणार, आपून घेऊन येणार. आणि मग?"

मी त्या फटीकडं बघितलं.

"मग वाटणी पुरी झाली. हाय का न्हाई? आता कसं, पंचांनी अंगठं घेतलं, सरकारनं शिक्का मारला, सगळं झालं. पर खरं इचारशीला तर आमची वाटणी अजून झालेली न्हाई. एक तुकडा हिकडचा तिकडं हाय. तवर आमचं एकत्रच म्हणायचं."

खालून चहा आल्याची हाक आली. तात्या खाली वाकले आणि गोलातला एक सरळ रूळ उचकटून काढला. खांद्यावरच्या टॉवेलानं पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो त्येला द्या. मी दिला म्हणून सांगू नका."

"मग काय सांगू?"

"सांगा, कागलात सापडला."

संध्याकाळी काका आत एकटेच बसले होते. मी पुडकं समोर ठेवलं. मला खोटं नीट बोलता येत नाही, पण मी सांगितलं, की हा कागलात सापडला.

"कागलात कुठं?"

"रस्त्यात."

काकांनी कागद सोडला. रूळ हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला.  मग म्हणाले, "सुधीरराव, रस्त्यात पडल्याल्या रुळाला खोबरेल कोण लावतंय?"

मी खाली बघितलं.

"खोबरेलच लावतोय अजून," ते स्वतःशीच म्हणाले. "लई येळा सांगितलंतं, मशीनचं तेल लाव. खोबरेलानं धूळ धरती." मग काकींना हाक मारली. "आगं, चावी आण."

चावी पहिल्या हाकेला सापडली. काकींनी इंजिनही आणलं. काकांनी रूळ फरशीवर ठेवला, इंजिनाला चावी दिली आणि ते रुळावर ठेवलं. दुसऱ्या टोकाला ओंजळ धरून बसले. एवढ्या वर्षांनी चाकांना खाली काहीतरी मिळालं होतं. इंजिन क्षणभर थबकलं, मग खडखडत निघालं, वीतभर गेलं, रूळ संपला, आणि ते काकांच्या ओंजळीत पडून फिरत राहिलं.

काकी दाराला टेकून उभ्या होत्या. "झालं व्हय समाधान?" त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"परत एकदा," काका म्हणाले आणि चावी द्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन कट्ट्यावर आले. हिरांमधून एक सरळ हीर काढून टाकला होता आणि त्या जागी खरा रूळ मांडला होता. मी ऑफिसला निघालेला बघून त्यांनी विचारलं, "कागलला परत कवा?"

"गुरुवारी."

गुरुवारी सकाळी त्यांनी माझ्या स्कूटरच्या डिकीत पंच्यात गुंडाळलेला गार्डाचा डबा ठेवला. "त्येला द्या. मी दिला म्हणून सांगू नका."

"शाहूपुरीत सापडला म्हणू का?"

"म्हणा की."

मी स्कूटर सुरू करता करता विचारलं, "आणि तो वाकडा तुकडा? तोही देऊ का?"

काकांनी आत देव्हाऱ्याकडं बघितलं. "त्यो न्हाई," ते म्हणाले. "त्यो मागायला त्येनं यायला पायजे."

तेव्हापासून मी या दोन घरांमधली मालगाडी आहे. कधी इकडून डबा जातो, कधी तिकडून रूळ येतो, कधी गेलेला डबा परत येतो. बोलणं कुणाचं होत नाही. सामान 'सापडतं'. तात्या तो तांबडा डबा रुळावर ठेवून बोटानं ढकलत फटीपर्यंत नेतात आणि तिथून मागं आणतात. काकांनी चष्म्याचं घर आणि चुन्याची डबी यांच्यामधलं अंतर बरंच कमी केलंय. आम्ही दिलेलं नवं खोकं कपाटावर आहे. कुणी विचारलं तर काका सांगतात, "सुधीररावांनी दिलंय. प्रेमाचा माणूस. जरा घाई करतोय." वाकडा तुकडा देव्हाऱ्यात आहे. परवाच्या खेपेला तात्यांनी मला विचारलं, शाहूपुरीत आता यष्टी कुठं थांबती. मी सांगितलं. ते म्हणाले, "आपलं सहज इचारलं."

गेल्या रविवारी सुनंदा माहेरी गेली होती. मी सकाळपासून घर उपसत होतो. आधी माळा बघितला, मग लोखंडी कपाट, मग ट्रंक. इचलकरंजीच्या दादाचं काहीतरी चुकून माझ्याकडं राहिलं असेल, असं मला वाटत होतं. एखादा मफलर, शाळेतलं बक्षीस, सायकलची घंटी. काही नव्हतं. आम्ही दोघांनी काम फार नीट केलं होतं. शेवटी दिवाण राहिला. मी गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं. ती जुनी खोकी अजून तिथंच होती.

मागून चपला काढल्याचा आवाज आला. मग काकांचा.

"काय हुडकतासा?"

मी आतूनच म्हणालो, "बघतोय, काय राहिलंय का."

मला वाटलं, काका गेले. तेवढ्यात शेजारी गुडघे कडकडले, आणि काकांचं डोकं माझ्या डोक्याशेजारी आलं.

"जरा सरका," ते म्हणाले. "भिंतीकडचं खोकं काढा आधी."